कॉम्प्युटर हळू नाही, कोणाची तरी वाट पाहून राहिला आहे

नवतपा लागायला अजून वेळ आहे, पण नागपूरचं ऊन काही कॅलेंडर पाहून पडत नाही. या महिन्यात आलेल्या पत्रांतली निम्मी पत्रं एकाच दुखण्याची आहेत, लिनक्स (विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी सिस्टम) सुरू व्हायला जाम वेळ लावते, नाहीतर डिस्क माउंट होत नाही (म्हणजे आपल्या फोल्डरावर लागत नाही), नाहीतर दोन्ही एकदमच. म्हणून यावेळी बाकी सगळं बाजूला ठेवलं. एक आधीच सांगतो, कमांडसुद्धा आपण इथं देवनागरीत छापतो, टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाकायच्या, अन् "अ‍ॅनालाइझ" मधे झेड आहे, एस टाकलात तर अशी कमांडच नाही म्हणेल आणि तुम्ही मला परत पत्र लिहाल.

प्रश्न: महालात माझं छोटं डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, असं. कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट आहे, एसएसडीवर (चिपवाल्या, न फिरणाऱ्या डिस्कवर) सिस्टम आणि एक टीबीच्या जुन्या हार्डडिस्कवर गिऱ्हाइकांच्या सगळ्या फाइली. मागच्या आठवड्यात भाच्यानं ती हार्डडिस्क फॉरमॅट करून दिली (फाइली आधी पेनड्राइव्हवर घेतल्या, तेवढं बरं). तेव्हापासून चालू केलं की काळ्या पडद्यावर "अ स्टार्ट जॉब इज रनिंग" असं काहीतरी येते, सेकंद मोजत बसते, दीड मिनिट झालं की "यू आर इन इमर्जन्सी मोड" म्हणते अन् तिथंच अडकते. बर्डीवरचा एक दुकानवाला म्हणे एसएसडी गेली, नवीन टाका. खरंच गेली काय?

उत्तर: नाही गेली. एसएसडी गेली असती तर तो काळा पडदासुद्धा दिसला नसता भाऊ, सिस्टम त्याच एसएसडीवरून सुरू होऊन तुम्हाला आपली तक्रार सांगून राहिली आहे. आणि उत्तर तुमच्याच पत्रात आहे: दीड मिनिट.

हल्लीच्या बहुतेक लिनक्समधे सिस्टमडी नावाचा कारभारी सगळं सुरू करतो (२०१० साली आला, उबुंटू या लिनक्सच्या प्रकारानं २०१५ च्या १५.०४ पासून घेतला). अमुक डिस्क येणार आहे असं त्याला लिहून दिलेलं असेल तर तो तिच्यासाठी ९० सेकंद थांबतो, नाहीच आली तर हात वर करतो. त्याच्या आधीच्या उबुंटूत बरं होतं, एस दाबा नि ही डिस्क सोडून द्या असं विचारायचा तरी, आता विचारत नाही. तर कधी पन्नास सेकंद, कधी दोन मिनिटं असं वेडंवाकडं लागत असेल तर कारण काहीही असू शकते, पण दर वेळी मोजून दीड मिनिट लागलं की समजायचं मशीन काम करतच नाहीये, स्टेशनवर पाव्हण्याला घ्यायला गेलेल्या माणसासारखं प्लॅटफॉर्मवर उभं आहे आणि पाव्हणा गाडीत बसलाच नाही.

पाव्हणा कोण, ते ईटीसी फोल्डरातल्या एफएसटॅब नावाच्या फाइलीत लिहिलेलं असते. दर डिस्कची एक ओळ, ओळीत सहा खाने: कोणती डिस्क, कोणत्या फोल्डरवर लावायची, फाइलसिस्टिम (फाइली मांडायची पद्धत) कोणती, ऑप्शन काय, आणि शेवटी दोन आकडे. पहिल्या खान्यात बहुतेक वेळा यूयूआयडी असते, लांबलचक अक्षरं-आकडे. हा यूयूआयडी डिस्कच्या लोखंडावर कोरलेला नसतो, तो फाइलसिस्टिमचा असतो, म्हणजे फॉरमॅट मारला की जुना गेला नि नवा आला. भाच्यानं फॉरमॅट बरोबरच केलं, फक्त एफएसटॅबला कळवलं नाही, त्यामुळे सिस्टम अजून जुन्या नावानं हाक मारून राहिली आहे. त्या नावाचं आता कोणी नाही.

आता दुरुस्ती. इमर्जन्सी मोड म्हणजे काही संकट नाही, ती मागच्या दाराची चावी आहे. मिंट-उबुंटूत तिथं साधारणपणे एंटर मारलं की कमांडची जागा मिळते, काही लिनक्समधे रूटचा, म्हणजे मुख्य यूजरचा, पासवर्ड मागते. आधी "माउंट डॅश ओ रीमाउंट,आरडब्ल्यू स्लॅश" टाका, म्हणजे फाइलीत लिहिता येईल. मग एफएसटॅबची एक कॉपी करून ठेवा, हे विसरू नका, मी एकदा विसरलो होतो नि रविवार गेला होता. मग "नॅनो" या एडिटरनं ती फाइल उघडा, हार्डडिस्कच्या ओळीच्या अगदी सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाका, सेव्ह करा, "रीबूट". ओळ पुसायची नाही, हॅश टाकला की ती फक्त झोपते. मशीन आता सरळ डेस्कटॉपवर येईल, आणि बर्डीच्या त्या दुकानात एसएसडीसाठी ठेवलेले पैसे वाचतील.

डेस्कटॉप आला की टर्मिनलमधे (कमांड टाइप करायच्या खिडकीत) "एलएसबीएलके डॅश एफ" टाका, झाडासारखी यादी दिसेल, त्यात हार्डडिस्कच्या पार्टिशनपुढे नवा यूयूआयडी असेल. तो कॉपी करून हॅशवाल्या ओळीत जुन्याच्या जागी टाका, हातानं टाइप करू नका, एक अक्षर चुकलं की परत दीड मिनिट. फाइलसिस्टिमचा खानाही तपासा, आधी विंडोजची एनटीएफएस होती नि भाच्यानं लिनक्सची ईएक्सटीफोर केली असेल तर तिथंही बदलावं लागेल. हॅश काढा. आणि ऑप्शनच्या खान्यात डिफॉल्ट्सच्या पुढे कॉमा देऊन "नोफेल" लिहा, कॉमाच्या आधी-नंतर जागा सोडायची नाही. नोफेलचा अर्थ असा की ही डिस्क आली तर चांगलंच, नाही आली तरी घर उघडायचं थांबवू नका. मात्र हे फक्त डाटाच्या डिस्कला, जिच्यावर सिस्टम आहे त्या रूटच्या ओळीला हात लावू नका. शेवटचा आकडा डाटाच्या ईएक्सटीफोरला २ ठेवा, रूटला १ असतो, तो तपासणीचा क्रम आहे.

रीस्टार्ट करायच्या आधी "सुडो फाइंडएमएनटी डॅश डॅश व्हेरिफाय" मारा (सुडो म्हणजे मालकाच्या हक्कानं), ते एफएसटॅब वाचून चुका सांगते, मग "सुडो सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड", मग "सुडो माउंट डॅश ए". काही न बोलता प्रॉम्प्ट परत आला तर जमलं. हे न करता थेट रीस्टार्ट मारणारे लोक मी पाहिले आहेत, ते परत काळ्या पडद्यावर भेटतात.

आता नोफेलमधली एक मेख, ही कोणी सांगत नाही आणि दुकानाच्या कामात हीच महागात पडते. डिस्क माउंट झाली नाही तरी तिचा फोल्डर दिसत राहतो, फक्त रिकामा. तुम्ही घाईत, गिऱ्हाईक समोर उभं, पत्रिका त्या फोल्डरात सेव्ह करता, ती जाते एसएसडीवर. दुसऱ्या दिवशी हार्डडिस्क नीट माउंट होते, त्या फोल्डरावर बसते, आणि कालची पत्रिका गायब. गायब नसते, खाली दबलेली असते, पण ते तुम्हाला कसं कळणार, तुम्ही भाच्याला फोन लावाल. बॅकअपची स्क्रिप्ट असेल तर ती रोज रात्री एसएसडीच भरत बसते आणि एक दिवस जागा संपली म्हणून लॉगिनच होत नाही. उपाय सोपा आहे: डिस्क अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरला "सुडो सीएचएटीटीआर प्लस आय" करून ठेवा. मग डिस्क नसताना तिथं कोणालाच काही लिहिता येणार नाही, लगेच एरर येईल, आणि डिस्क वर बसली की सगळं नेहमीसारखं चालेल. मी घरच्या सगळ्या मशीनवर हे करून ठेवलंय.

प्रश्न: काका, मी हिंगणा रोडकडं होस्टेलला राहतो, लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही आहे. डी ड्राइव्ह उबुंटूतून कधी उघडते कधी नाही, "राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक" म्हणते. रूममेट म्हणतो फोर्स करून माउंट कर. करू का? प्रोजेक्ट त्याच्यावर आहे.

उत्तर: नको रे बाबा, प्रोजेक्टवर तर मुळीच नको. आधी आठव, विंडोजमधून "रीस्टार्ट" करून उबुंटूत आलास तर उघडते आणि "शट डाउन" करून नंतर चालू केलंस तर उघडत नाही, असंच आहे नं? विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, शट डाउन म्हणजे पूर्ण बंद नसते. फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे, त्यात विंडोज स्वतःचा अर्धा भाग डिस्कवर गोठवून झोपते, म्हणजे सकाळी पटकन उठता यावं. एनटीएफएसच्या नजरेत त्या ड्राइव्हचं काम अजून चालूच आहे, ताटावरून उठलेला माणूस परत येणार आहे, ताट उचलू नका. लिनक्स ते पाहून नाही म्हणते, आणि बरोबर करते, कारण तू मधेच त्यात लिहिलंस आणि विंडोज उठून आपल्या जुन्या आठवणीप्रमाणे लिहायला लागलं तर दोघं मिळून तुझ्या प्रोजेक्टची भेळ करतील.

विंडोजमधे कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघड आणि "पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ" मार. हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही जातात, विंडोज उठायला थोडा वेळ जास्त घेईल, तेवढं चालवून घे. मग एकदा पूर्ण शट डाउन कर नि उबुंटूत ये.

तरीही अडलं तर "सुडो डीएमईएसजी" च्या शेवटच्या ओळी वाच, पडद्यावरची ती राँग एफएसवाली ओळ काहीही झालं तरी तीच येते, खरं कारण कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमधे (नोंदवहीत) असते. तिथं "व्हॉल्यूम इज डर्टी" दिसलं तर त्याचा अर्थ मागच्या वेळी लाइट गेली असेल, बॅटरी संपली असेल, ड्राइव्ह नीट मिटली नाही. २०२१ च्या ५.१५ कर्नलपासून एनटीएफएस३ नावाचा ड्रायव्हर कर्नलमधेच आहे, तो याबाबत आधीच्या एनटीएफएस-३जी पेक्षा कडक आहे, म्हणून "आधी तर उघडायची" ही तक्रार बऱ्याच जणांची असते. इलाज विंडोजमधेच करायचा, "सीएचकेडीएसके डी कोलन स्लॅश एफ". लिनक्समधलं "एनटीएफएसफिक्स" लोक सुचवतात, ते किरकोळ गोष्टी ठीक करून विंडोजनं पुढच्या वेळी तपासावं अशी चिठ्ठी ठेवते, पूर्ण तपासणी ते नाही.

आणि विंडोजमधे घड्याळ साडेपाच तास मागे दिसत असेल (दिसत असेलच), तर तो बिघाड नाही. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज तीच भारताची वेळ समजते, फरक बरोबर आपल्या साडेपाच तासांचा.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका आहे, धरमपेठेत राहते. मुलाचा जुना लॅपटॉप मला मिळाला, त्यात उबुंटू आहे. कुठलीही एरर नाही, सगळं चालतं, पण सुरू व्हायला दोन मिनिटांच्या वर लागतात. मुलानं फोनवर सांगितलं म्हणून "सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम" चालवलं, मोठी यादी आली. सगळ्यात वर "प्लिमथ-क्विट-वेट" आणि "नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन" आहे, खाली "स्नॅपडी" वगैरे. वरचे सगळे बंद करून टाकू का?

उत्तर: बाई, यादीत पहिला आला म्हणून गुन्हेगार ठरत नाही, हे वर्गात तुम्ही आम्हाला शिकवलं असेल. ब्लेमचं नावच फसवं आहे. प्लिमथ-क्विट-वेट म्हणजे सुरुवातीचं ते उबुंटूचं चित्र कधी जातं याची वाट पाहणारा, तो स्वतः काही काम करत नाही, बाकीच्यांना वेळ लागला म्हणून त्याचाही आकडा मोठा दिसतो. शिवाय हे सगळे एकाच वेळी चालतात, लग्नघरी चार चुलींवर भात, वरण, भाजी, जिलेबी एकदमच असते, चारही वेळांची बेरीज करून पंगत किती वाजता बसेल ते निघत नाही. कोणती चूल अडवून बसली ते पाहायचं, त्यासाठी "सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ क्रिटिकल-चेन" चालवा, ते अडवणाऱ्यांचीच साखळी दाखवते.

त्याआधी नुसतं "सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ" चालवा. ते एका ओळीत फोड करून देते, नव्या पद्धतीच्या मशीनवर फर्मवेअरला (मदरबोर्डच्या स्वतःच्या प्रोग्रामला) किती, लोडरला (लिनक्स उचलून आणणाऱ्याला) किती, आणि सगळ्याच मशीनवर कर्नलला किती, यूजरस्पेसला (बाकीच्या सगळ्या सेवांना) किती. फर्मवेअरलाच चाळीस सेकंद जात असतील तर लिनक्समधे काहीही बंद करून उपयोग नाही, ते बायोसमधे, म्हणजे फर्मवेअरच्या सेटिंगमधे, पाहावं लागेल. यूजरस्पेसला दीड मिनिट जात असेल आणि साखळीत कुठं डिस्क दिसत असेल तर वरचं महालचं उत्तर वाचा.

नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन घरच्या लॅपटॉपवर बंद केलं तर चालते, तुमची कुठली नेटवर्कवरची डिस्क सुरुवातीलाच लागत नसेल तर: "सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन.सर्व्हिस". नेटवर्कमॅनेजरमधले एन आणि एम मात्र कॅपिटल टाकायचे. बाकीच्यांना हात लावू नका.

पण माझा अंदाज वेगळाच आहे. जुना लॅपटॉप, एरर नाही, सगळंच सावकाश, म्हणजे आत फिरणारी हार्डडिस्क असणार, लॅपटॉपमधल्या पुष्कळशा मिनिटाला ५४०० फेरेवाल्या असायच्या. तिची चूक काही नाही, एकाच वेळी शंभर ठिकाणचं वाचायला सांगितलं की ती दमते. "एलएसबीएलके डॅश ओ नेम,रोटा" टाका, रोटाच्या खाली १ असेल तर फिरणारी. मग छोटी साटा एसएसडी टाकून घ्या, तुमच्या कामाला २५६ जीबी पुष्कळ, आणि मुलाला सांगा हा वाढदिवसाचा आहेर.

प्रश्न: रॅम वाढवली म्हणून स्वॅप पार्टिशन उडवलं, एफएसटॅबमधली ओळही काढली. तरी उबुंटू लोगो यायच्या आधीच अर्धा मिनिट थांबते. काहून?

उत्तर: कारण तोच पत्ता अजून एका जागी लिहिलेला आहे. हायबरनेशनमधून उठायचं असेल तर स्वॅप (रॅमच्या मदतीला डिस्कवर राखलेली जागा) लागते, म्हणून इनिटरामएफएस, म्हणजे कर्नलसोबत सगळ्यात आधी लोड होणारा छोटा गठ्ठा, तो जुनी स्वॅप शोधत बसतो. बारकाईनं पाहिलं तर "गेव्ह अप वेटिंग फॉर सस्पेंड/रिझ्यूम डिव्हाइस" अशी ओळ दिसेल. ईटीसीतल्या इनिटरामएफएस-टूल्समधे कॉन्फ.डी फोल्डर आहे, त्यात रिझ्यूम नावाची फाइल. तिच्यात कॅपिटल अक्षरांत रिझ्यूम, बरोबरचं चिन्ह, आणि पुढे छोट्या अक्षरांत "नन" एवढंच ठेवा, मग "सुडो अपडेट-इनिटरामएफएस डॅश यू". हे शेवटचं विसरलात तर फाइल बदलूनही काही होणार नाही, गठ्ठा जुनाच राहतो.

प्रश्न: इतवारीत किराण्याचं दुकान आहे, हिशेबाच्या कॉम्प्युटरला दुसरी हार्डडिस्क आहे, पाच-सहा वर्षांची. एप्रिलपासून ती कधी माउंट होते, कधी नाही. झाली तरी काही फाइली उघडताना "इनपुट/आउटपुट एरर", आणि सुरू व्हायला कधी एक मिनिट कधी चार. मधेच टक टक आवाज येतो. मुलगा म्हणतो एफएससीके (डिस्कच्या नोंदी तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवू. पाच वर्षांचे हिशेब अन् घरचे फोटो आहेत.

उत्तर: चालवू नका. पत्र वाचून होईपर्यंत मशीन बंद करा, मग पुढचं वाचा.

वरच्या सगळ्यांचं मशीन न आलेल्याची वाट पाहत होतं. तुमचा पाव्हणा आलेला आहे, पण आजारी आहे. डिस्क एखादा सेक्टर (डिस्कवरचा छोटा तुकडा) वाचता येत नाही म्हणून परत परत प्रयत्न करते, कर्नल एका मागणीला ३० सेकंदांपर्यंत थांबतो, मग लिंक रीसेट करतो, परत मागतो. म्हणून तुमची वेळ कधी एक मिनिट कधी चार, त्याला ठराविक माप नाही. एफएससीकेचं काम हिशेबाची वही जुळवणं आहे, पानं फाटून राहिली असताना ती जुळवायला बसलं की ते फाटलेल्या पानांवरच खोडाखोड करते. माझ्या मामेभावाच्या लग्नाचे फोटो मी असेच घालवले, डिस्क टकटक करत होती नि मी एफएससीकेला प्रत्येक प्रश्नाला वाय, वाय, वाय देत बसलो. सगळं "क्लीन" झालं. फोटोही क्लीन झाले. वहिनी अजून बोलून दाखवते.

दुखणं किती आहे ते डिस्क स्वतः सांगते. स्मार्टमॉनटूल्स पॅकेज टाका आणि "सुडो स्मार्टसीटीएल डॅश ए" पुढे डिस्कचं नाव, यादीत चारच ओळी पाहा, शेवटचा रॉ व्हॅल्यूचा खाना. ५ नंबर म्हणजे खराब झालेले आणि बदलून टाकलेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता न आलेले, निकाल लागायचा बाकी असलेले. हे शून्याच्या वर असून वाढत असतील तर डिस्क जाणार. १९९ मात्र वेगळी, ती केबलची तक्रार आहे, फक्त तीच वाढत असेल तर साटाची केबल बदला नि हसा, पण टक टक आवाज केबलचा नसतो, त्यामुळे तुमच्याकडे मला आशा कमी आहे. १९४ वर तापमान दिसते. अशा डिस्कना साधारण ६० डिग्रीपर्यंत चालण्याची परवानगी असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ च्या घरात असते, वर कॉम्प्युटर दुकानाच्या कोपऱ्यात पोत्यांमागे, पिठाची धूळ पंख्यात. एप्रिलपासूनच का सुरू झालं याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही. कूलरच्या झोतासमोरही ठेवू नका, ती ओलसर हवा असते. आणि कोणी सांगेल डिस्क फ्रीजमधे ठेवून काढा, तसलं काही करू नका, आत दव धरते.

आता करायचं काय. जुन्या डिस्कपेक्षा मोठी नवी डिस्क आणा. जुनी माउंट करू नका, एफएसटॅबमधल्या तिच्या ओळीला हॅश टाका. जीडीडीरेस्क्यू नावाचं पॅकेज घ्या, कमांड नुसती "डीडीरेस्क्यू" आहे. "सुडो डीडीरेस्क्यू डॅश डी डॅश एन", मग जुन्या डिस्कचं नाव, मग नव्या डिस्कवरच्या इमेज फाइलीचं (पूर्ण डिस्कची एकाच फाइलीत कॉपी) नाव, मग मॅप फाइलीचं नाव. क्रम तीनदा वाचून एंटर मारा, आधी जुनी नंतर नवी, उलटं झालं तर मी काहीच करू शकत नाही. हे आधी जेवढं सहज वाचता येते तेवढं उचलून घेते, अडलेल्या जागी डोकं आपटत बसत नाही. मॅप फाइलीत कुठवर आलं ते लिहिलेलं राहते, म्हणून मधे बंद पडलं तरी तीच कमांड परत दिली की तिथूनच पुढे सुरू होते. पहिली फेरी झाली की डॅश एन काढून आणि डॅश आर ३ टाकून राहिलेल्या जागांवर आणखी प्रयत्न करता येतात. एफएससीके चालवायचंच असेल तर मग त्या इमेजच्या एका कॉपीवर चालवा, मुलाला सांगा, तिथं हवे तेवढे वाय दाब.

पाच वर्षांचे हिशेब अगदी जीवावरचे असतील आणि टक टक सतत येत असेल तर हेही करू नका, डाटा रिकव्हरीवाल्याकडे बंद अवस्थेत न्या, प्रत्येक वेळी चालू केल्यानं थोडं थोडं कमी होते. आवाज अधूनमधूनच असेल तर आज राहू द्या. उद्या पहाटे पाचला, ऊन चढायच्या आत, केसचं एक झाकण उघडून समोर साधा टेबलफॅन लावा आणि कॉपी सुरू करा. दुपारी बारापर्यंत संपली नाही तर कंट्रोल सी दाबून थांबवा, मशीन बंद करा, परवा पहाटे परत तीच कमांड.